इंदूरची १९१७ ची दिवाळी : केराचा इतिहास आणि शहराचे आरोग्य

शहरांचे इतिहास लिहिताना आपल्याकडे राजवाडे, छत्र्या, घाट, मंदिरे आणि दरबारी पत्रव्यवहार यांची नोंद आवर्जून घेतली जाते. उकिरड्याची नोंद सहसा कोणी घेत नाही. वास्तविक एखाद्या वस्तीत माणसे किती जगली, किती मुले पाळण्यातच गेली आणि कोणत्या साली घरेच्या घरे ओस पडली, या प्रश्नांची उत्तरे दप्तरखान्याइतकीच घरामागच्या बोळातही दडलेली असतात. घरातील केर उंबरठ्याबाहेर गेल्यावर त्याचे पुढे काय होते, यावर त्या गावाचे आरोग्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. या दृष्टीने इंदूर शहराच्या इतिहासातील दोन प्रकरणे आम्हांला फार मोलाची वाटतात. पहिले १९१७ च्या दिवाळीतील एका मिरवणुकीचे आणि दुसरे त्यानंतर दीड दशकाच्या आत याच शहरात सिद्ध झालेल्या खताच्या पद्धतीचे. होळकरांच्या या नगरीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी भाषकांच्या बोलण्यातही ही प्रकरणे क्वचितच येतात.

त्या मिरवणुकीमागे प्लेगची पार्श्वभूमी होती. १८९६ साली प्लेग मुंबईत प्रकट झाला आणि पुढील तीन दशकांत त्याने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. मराठी मुलखाने ही साथ फार जवळून पाहिली. रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांनाच या रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यात घरझडत्यांनी उसळलेल्या संतापातून त्याच वर्षी जूनमध्ये रँडवर गोळी झाडली गेली. त्या वेळी सरकारचा सारा भर माणसांवर होता. रोग्याला घरातून उचलायचे, घरच्यांना छावणीत न्यायचे, सामान जाळायचे, घर धुऊन काढायचे किंवा पाडायचे. रोग माणसाकडून माणसाकडे जातो अशीच अधिकाऱ्यांची समजूत होती.

ही समजूत अपुरी असल्याचे १८९८ साली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत दाखवले. उंदराच्या अंगावरची पिसू हीच प्लेगची वाहक आहे, हे त्यांचे म्हणणे प्रथम फारसे कोणी मानले नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या पद्धतशीर प्रयोगांनी मात्र ते निर्विवाद ठरले. त्यामुळे प्रश्नाचे स्वरूपच बदलले. काळा घरउंदीर रानात राहत नाही. तो आपल्याच भिंतीत, माळ्यावर, धान्याच्या कणगीमागे राहतो आणि आपल्याच घरचे उष्टे-खरकटे खाऊन वाढतो. उंदीर मेला की उपाशी पिसवा शेजारच्या माणसाकडे वळतात. म्हणजे छावणी आणि घरझडती यांपेक्षा मोरी, माळा, परसू आणि केराची टोपली यांचा प्लेगशी अधिक निकटचा संबंध होता. हे शास्त्रज्ञांना कळले तरी लाखो घरांना कसे कळवायचे, हा पेच शिल्लकच होता. हुकूम काढून माळा साफ होत नाही, हे १८९७ च्या पुण्याने दाखवून दिलेच होते.

इंदूरलाही विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत प्लेगने वारंवार ग्रासले. तिसरे तुकोजीराव होळकर तेव्हा गादीवर होते. शहराच्या पाहणीसाठी त्यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश पंडिताला पाचारण केले. गेडिस (१८५४–१९३२) मूळचे जीवशास्त्रज्ञ. पुढे समाजशास्त्र आणि नगररचना हेच त्यांचे क्षेत्र झाले. १९१४ साली ते हिंदुस्थानात आले, १९१६ साली त्यांनी बडोद्याच्या विकासाचा अहवाल लिहिला आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे ते प्राध्यापक झाले. त्यांचा इंदूरविषयीचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली होळकर सरकारच्याच छापखान्यात छापला गेला.

गेडिस यांची रीत इतर इंजिनियरांहून निराळी होती. ते बोळाबोळांतून पायी हिंडत आणि कुठे विहीर आहे, कुठे झाड आहे, कुठे पाणी तुंबते हे पाहून ठेवत. दाट वस्ती पाडून सरळ रस्ते काढण्याच्या तेव्हाच्या रूढ उपायाला त्यांचा विरोध होता. घर पाडले म्हणजे त्यातील माणसे नाहीशी होत नाहीत. ती शेजारच्या आळीत अधिक दाटीने राहू लागतात आणि रोगही त्यांच्याबरोबर जातो, असा त्यांचा युक्तिवाद होता. रोगनिदान आधी आणि शस्त्रक्रिया शेवटी, तीही जपून, हे वैद्यकातले तत्त्व ते शहराला लावत. परंतु लोकांना हे कसे ठाऊक असणार? साहेब नकाशा घेऊन आळीत आला की पाठोपाठ पहार येते, एवढेच त्यांना माहीत होते. प्लेग आणणारा म्हातारा साहेब तो हाच, असे आपल्याकडे बोट दाखवून लोक म्हणत, ही हकिकत गेडिस यांनीच पुढे सांगितली आहे.

त्यावर गेडिस यांनी योजलेला उपाय नगररचनेच्या इतिहासात अपूर्व म्हणावा लागेल. दसरा आणि मोहरम यांच्या मिरवणुकांत सारे शहर कसे लोटते, हे त्यांनी पाहिले होते. दिवाळीचा सण जवळ आला होता. एक दिवसापुरता शहराचा कारभार आपल्या हाती द्यावा, अशी विनंती त्यांनी महाराजांना केली आणि ती मान्य झाली. मग दवंडी पिटली गेली की दिवाळीला एक अभूतपूर्व मिरवणूक निघेल. ती नेहमीच्या वाटेने जाणार नाही. ज्या रस्त्यांवरची घरे सर्वांत चांगली झाडलेली, सारवलेली आणि दुरुस्त केलेली असतील, त्या रस्त्यांनी ती जाईल. घरांतला केर दरबारच्या गाड्या विनामूल्य उचलतील, हेही जाहीर झाले. त्यानंतरचे काही आठवडे शहरात झाडझूड, डागडुजी आणि रंगरंगोटी यांची चढाओढ लागली. वाड्यांच्या अंगणांतून, तळघरांतून आणि माळ्यांवरून वर्षानुवर्षे साठलेला केर हजारो गाड्या भरून बाहेर गेला आणि उंदीर मोठ्या संख्येने पकडले गेले.

मिरवणुकीची रचनाही विचारपूर्वक केलेली होती. अग्रभागी हत्ती, घोडे, धान्यसंपदा आणि लक्ष्मी. त्यानंतर मुद्दाम बेसूर वाद्ये, रोगांची सोंगे, मोडकळीस आलेल्या घरांचे देखावे, घाणीचा अवाढव्य राक्षस, प्लेगचा भलामोठा उंदीर आणि हिवतापाचे डास. थोडे अंतर सोडून पुन्हा मंगल वाद्ये वाजू लागत आणि शहरातील सारे सफाई कामगार पांढरीशुभ्र वस्त्रे, फुलांच्या माळा आणि कोऱ्या केरसुण्या घेऊन चालत येत. त्यांच्या केराच्या गाड्या नव्याने रंगवलेल्या होत्या, बैलांची शिंगेही रंगवलेली होती. त्यांच्या मागून शहराचे अधिकारी आणि प्रतिष्ठित मंडळी, मग नगरदेवतेच्या रूपातील इंदूर, शहराचा नवा आराखडा, वाचनालय आणि संग्रहालय यांच्या प्रतिकृती, कारागीर आणि शेवटी माळी. मिरवणुकीतून तुळशीची रोपे वाटली गेली. सायंकाळी घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर यांचे दहन झाले. गोव्यातील वाचकांना नरकचतुर्दशीच्या पहाटे जळणाऱ्या नरकासुराची आठवण येथे झाल्यावाचून राहणार नाही.

गेडिस यांनी काहीच बाहेरून आणले नव्हते, हे मराठी वाचकाच्या चटकन ध्यानात येईल. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याची आपल्या घरांतील चाल जुनी आहे. त्या रात्री घर झाडून अलक्ष्मीला बाहेर काढण्याचा विधीही आपल्याकडे आहे. परंतु बाहेर काढलेली अलक्ष्मी जाते कुठे, हा प्रश्न आपण विधीतही विचारला नाही आणि व्यवहारातही विचारला नाही. ती दाराबाहेरच्या गटारात, बोळात, शेजाऱ्याच्या भिंतीला लागून विसावते आणि चार दिवसांत उंदराच्या, माशीच्या किंवा डासाच्या रूपाने परत येते. एका घराचा विधी साऱ्या शहराचा केला, तरच तो आरोग्यशास्त्र ठरतो. १९१७ साली इंदुरात एका दिवसापुरते तेच घडले.

त्या मिरवणुकीने प्लेग गेला असे म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल. प्लेगचा जोर ऋतुमानाप्रमाणे चढतो आणि उतरतो. एका वर्षीच्या ओहोटीचे श्रेय कोणा एका उपायाला देता येत नाही. उंदरांचे खाद्य आणि लपण्याच्या जागा शहराबाहेर गेल्या, हे निश्चित. म्हाताऱ्या साहेबाविषयीचा लोकांचा ग्रह पालटला, हेही खरे. याहून महत्त्वाची एक गोष्ट आम्हांला टोचते. ज्यांच्या गळ्यात त्या दिवशी फुलांच्या माळा पडल्या, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच कामाला, त्याच वस्तीत आणि त्याच अस्पृश्यतेत परतले. गेडिस यांनी त्यांना मिरवणुकीत मानाचे स्थान दिले. समाजाने ते मिरवणुकीपुरतेच ठेवले. ज्या कामावर सर्वांचा जीव अवलंबून, ते काम करणाराच सर्वांत हीन मानायचा, ही विसंगती आपल्या नागरी जीवनाच्या पायाशीच आहे. डोक्यावरून मैला वाहण्याच्या प्रथेला बंदी घालणारा कायदा १९९३ साली आला, २०१३ साली तो अधिक कडक करून पुन्हा करावा लागला आणि त्यानंतरही गटारांत उतरलेल्या माणसांच्या मृत्यूंच्या बातम्या थांबल्या नाहीत.

गेडिस यांच्या अहवालात आणखी एक विचार होता. शहराची सारी घाण गटारात लोटण्यापेक्षा ती मातीकडे वळवावी, तिच्यावर बागा आणि मळे फुलवावेत, असा आग्रह त्यांनी धरला होता. खर्चिक गटारयोजनेवर त्यांचे आक्षेप होते आणि नदीचे पात्र निर्मळ राखण्यावर त्यांचा कटाक्ष होता. हा विचार प्रत्यक्षात आणण्याचे काम इंदुरातच, निराळ्या माणसांकडून झाले.

१९२४ साली आल्बर्ट हॉवर्ड हे इंदूरच्या वनस्पती-संशोधन संस्थेचे संचालक झाले. होळकर दरबाराने या संस्थेसाठी सुमारे ३०० एकर जमीन दिली होती. हॉवर्ड यांच्यापुढचा प्रश्न कापसाच्या शेतीचा आणि खताचा होता. पिकांचे देठ, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचायचे, त्यांना हवा आणि ओलावा योग्य प्रमाणात द्यायचा, ठरावीक अंतराने ढीग उलथायचा आणि सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, निर्गंध खत मिळवायचे, अशी पद्धत त्यांनी येथे बसवली. जगभर ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली आणि पुढे सेंद्रिय शेतीच्या चळवळीचा ती एक पाया ठरली. तिचे विवरण करणारे पुस्तक १९३१ साली प्रसिद्ध झाले, त्यावर दोन नावे आहेत : आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. पहिले नाव जगाने लक्षात ठेवले. मराठी वळणाचे दुसरे नाव आमच्याच शहरात आज किती जणांना ठाऊक आहे?

आपल्या विषयाच्या दृष्टीने वाड यांचे पुढचे काम अधिक महत्त्वाचे आहे. एफ. के. जॅक्सन यांच्यासह त्यांनी ही पद्धत शेतातून वस्तीत आणली. इंदूर रेसिडेन्सी, इंदूर शहर आणि माळवा भिल्ल पलटणीची वस्ती अशा तीन ठिकाणी घरगुती केर आणि मैला यांच्यावर हे प्रयोग झाले आणि त्यांचा वृत्तान्त १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी त्यात आरोग्याचा विचार खताइतकाच ठेवला होता. नीट रचलेल्या ढिगाच्या पोटात उष्णता ६० अंश सेल्सियसच्या वर जाते. त्या उष्णतेत माशीच्या अळ्या मरतात आणि रोगजंतूही फार काळ तग धरत नाहीत. ओला केर तसाच उघड्यावर पडला तर उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत माशीची नवी पिढी त्यातून उडते. त्या माश्या हगवण आणि विषमज्वर घरोघर पोचवतात. एकाच वस्तूचे विष होणार की खत, हे ती कशी हाताळली यावर ठरते. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदूरला आलेले गांधीजी ही संस्था पाहून गेले. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी सफाई आणि सोनखत यांचे जे प्रयोग केले, त्यांची जातकुळी हीच. त्यांत अस्पृश्यतेच्या उच्छेदाचा हेतूही उघडपणे जोडलेला होता.

आपल्या आजीच्या घरात केर फारसा नसेच, असा युक्तिवाद काही वेळा केला जातो. त्यात तथ्य आहे. शिळेपाके गाईला, राख भांडी घासायला, जुनी लुगडी बोहारणीला, मोडके भांडे मोडीत, कागद रद्दीत आणि सुपारीएवढ्या उरल्यासुरल्यासाठी उकिरडा. वेगळे करणे हा त्या गृहव्यवस्थेचा सहजधर्म होता. पण त्याच वाड्याच्या मागच्या दाराने कोणीतरी टोपली घेऊन येत होते आणि त्याच माळ्यावर प्लेगचे उंदीर नांदत होते, हेही विसरता कामा नये. म्हणून गतकाळाचा गौरव करण्यापेक्षा त्यातील वेगळे करण्याची सवय तेवढी उचलावी, असे आम्हांला वाटते.

स्वातंत्र्यानंतर शहरे वाढली, त्यांच्या केरात प्लास्टिक आले आणि हे सारे धडे मागे पडले. केर उचलायचा आणि गावाबाहेर ढीग करायचा, एवढेच नगरपालिकांचे काम उरले. १९९४ साली त्याची किंमत मोजावी लागली. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगची आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. पुरानंतर कुजणाऱ्या घाणीत बसलेल्या सुरतेतून लाखो लोक पळाले. तेथे १९९५ पासून आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवून शहराचे रूप पालटले. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी तुंबण्यास प्लास्टिकने भरलेली गटारेही कारणीभूत होती आणि पाणी ओसरल्यावर उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसने बळी घेतले. ११० वर्षांपूर्वीच्या मुंबईप्रमाणेच येथेही केर, उंदीर आणि माणूस हीच साखळी होती, फक्त रोगाचे नाव बदलले होते.

कायद्यानेही हळूहळू घराच्या दाराकडे मोर्चा वळवला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या जनहित याचिकेतून २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम आले. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन घातले. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची पंचायत १९९३ सालीच उभी राहिली होती. त्यातून पुढे दारोदार जाणाऱ्या वेचकांची सहकारी संस्था निघाली. केर हाताळणाऱ्याला ओळखपत्र, ठरलेली वाट आणि घरटी मोबदला मिळाल्यास आरोग्याचे आणि प्रतिष्ठेचे प्रश्न एकत्र सुटू लागतात, हे तिने दाखवले.

इंदूरने २०१६ नंतर जे केले ते देशाला माहीत आहे. रस्त्यावरच्या कचराकुंड्या काढल्या गेल्या, दारावर गाडी येऊ लागली, तिच्यात निरनिराळ्या केरासाठी निरनिराळे कप्पे आले. देवगुराडियाचा जुना डोंगर उपसला गेला आणि २०२२ पासून तेथे ओल्या केरापासून वायू तयार होऊ लागला. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात या शहराने पहिला क्रमांक वर्षानुवर्षे राखला. २०२३ चा मान त्याने सुरतेबरोबर वाटून घेतला, हा इतिहासाने जुळवलेला विलक्षण योग म्हणावा लागेल. याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु याच इंदुरात डिसेंबर २०२५ च्या अखेरीस भागीरथपुरा भागात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले, शेकडो माणसे आजारी पडली आणि अनेक कुटुंबांत मृत्यू झाले. झाडलेला रस्ता डोळ्यांना दिसतो, जमिनीखालची नळवाट दिसत नाही. घरातून बाहेर पडणारा केर आणि सांडपाणी ही एकाच प्रश्नाची दोन अंगे आहेत. त्यांतील एकच पुरस्काराच्या नजरेत भरते.

गेडिस यांनी १९१७ साली शहराला दिलेली कसोटी आजही वापरता येईल. मिरवणूक राजवाड्यापासून निघणार हे ठरलेले नसावे. ज्या आळीने स्वतःचे काम केले तिच्याकडे तिने वळावे. तसे झाले तर आज ती भागीरथपुऱ्याच्या बोळात शिरू शकेल का, आणि तिच्या पुढच्या रांगेत चालणाऱ्या सफाई कामगारांची नावे आपल्यापैकी किती जण सांगू शकतील, एवढे दोन प्रश्न प्रत्येक गावाच्या नगरपालिकेने आणि प्रत्येक घराने दर दिवाळीला स्वतःला विचारावेत. यशवंत वाडांचे नाव निदान एका पुस्तकावर तरी आहे. त्या दिवशी पांढरी वस्त्रे नेसून चाललेल्या माणसांची नावे आम्हांला कोणत्याही पुस्तकात आढळली नाहीत.